जीव अडकलाय पिक्चर ट्यूबमध्ये
जुने रंगीत दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्यांची काळाशी स्पर्धा

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन येथे आरसीए कंपनीच्या कारखान्यात २५ मार्च १९५४ रोजी ‘सीटी-१००’ या रंगीत दूरचित्रवाणी संचाचे उत्पादन सुरू झाले. त्याची किंमत होती एक हजार डॉलर. त्या काळी एका साध्या नव्या मोटारीसाठी जेवढे पैसे मोजावे लागत, त्याच्या निम्म्याहून ही रक्कम अधिक होती. वेस्टिंगहाउस कंपनीने तर आपला रंगीत संच काही आठवडे आधीच १,२९५ डॉलरला विक्रीस ठेवला होता. रंगीत कार्यक्रम मोजके, पडदा लहान आणि किंमत अवाच्या सवा. साहजिकच ग्राहकांनी पाठ फिरवली आणि त्याच वर्षी आरसीएला किंमत निम्म्यावर आणावी लागली. ‘सीटी-१००’चे सुमारे पाच हजार संच तयार झाले. आज त्यांपैकी शे-दीडशेच शिल्लक असल्याचे मानले जाते आणि प्रत्यक्ष चित्र दाखवू शकतील असे संच त्याहूनही कमी आहेत.

हे संच आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतील त्यांची भावंडे शोधून, उचलून आणून पुन्हा चालू करणाऱ्यांचा एक छोटा वर्ग अमेरिकेत आहे. त्यांत निवृत्त अभियंते आहेत, एकेकाळचे टीव्ही मेकॅनिक आहेत आणि ज्यांनी असा संच लहानपणी घरात कधी पाहिलाही नाही असे तरुणही आहेत. ओहायो राज्यातील हिलियार्ड येथे केवळ आरंभीच्या दूरचित्रवाणीला वाहिलेले संग्रहालय आहे. जुने मोटारगाडे किंवा घड्याळे जपणाऱ्यांचाच हा एक प्रकार, असे वरवर वाटेल. पण या छंदात एक अडचण अशी आहे, जी त्या दोन्ही छंदांत नाही. मोटारीचा कोणताही भाग कुशल कारागीर पुन्हा घडवू शकतो. रंगीत संचाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र आता कोणीही बनवत नाही. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात असतो, तसा या संचांचा जीव पिक्चर ट्यूबमध्ये असतो.

कृष्णधवल संचालाही दिसणारा रंग

हा संच दुरुस्त करणे इतके किचकट का, हे कळण्यासाठी त्याची रचना थोडी समजून घ्यावी लागते. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १७ डिसेंबर १९५३ रोजी रंगीत प्रक्षेपणाच्या एनटीएससी पद्धतीला मान्यता दिली. घरोघरी असलेले कृष्णधवल संच निकामी होता कामा नयेत, ही त्या पद्धतीमागची मुख्य अट होती. त्यामुळे अभियंत्यांनी चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग वेगवेगळा केला. उजेडाचा संकेत पूर्वीसारखाच ठेवला आणि रंगाची माहिती ३.५८ मेगाहर्ट्झच्या एका उपवाहक लहरीवर स्वार करून त्याच संकेतात मिसळली. जुना संच या लहरीकडे दुर्लक्ष करतो आणि चित्र कृष्णधवल दाखवतो. रंगीत संच तिच्यातून रंग वेगळा काढतो. लहरीचा जोर किती, यावरून रंग गडद की फिका हे ठरते. तिची कला, म्हणजे तिचे चढउतार ठरलेल्या वेळेपेक्षा किती मागेपुढे आहेत, यावरून तो लाल की हिरवा हे ठरते.

म्हणजे रंगाची सगळी मदार वेळेच्या अतिसूक्ष्म हिशेबावर. चित्राच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी प्रक्षेपण केंद्र संदर्भासाठी त्या लहरीचा एक छोटा तुकडा पाठवते आणि संचातील मंडल त्याच्याशी आपले घड्याळ जुळवून घेते. हा हिशेब जरा चुकला, की माणसांचे चेहरे हिरवट किंवा जांभळट दिसू लागतात. एनटीएससी म्हणजे ‘कधीच एकसारखा रंग नाही’, अशी चेष्टा अभियंतेच करीत. ‘सीटी-१००’मध्ये हे सर्व काम सुमारे तीन डझन व्हॉल्व्ह करीत. पुढच्या काळात किंमत कमी करण्यासाठी रंगाच्या मंडलांत ज्या काटकसरी करण्यात आल्या, त्या या पहिल्या संचात नव्हत्या.

पाच लाख ८५ हजार ठिपके

मंडलांपेक्षाही अवघड होती ती पिक्चर ट्यूब. ‘१५जीपी२२’ हे तिचे नाव. तिच्या मानेत तीन इलेक्ट्रॉन गन असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. समोर धातूचा पातळ पत्रा असतो आणि त्याला सुमारे १ लाख ९५ हजार सूक्ष्म छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रामागे पडद्यावर तीन रंगांचे तीन ठिपके, म्हणजे एकूण ५ लाख ८५ हजार. तिन्ही गनमधून निघालेले झोत एकाच छिद्रातून, पण निरनिराळ्या कोनांतून जातात. त्यामुळे लाल गनचा झोत फक्त लाल ठिपक्यावर पडतो, हिरवीचा हिरव्यावर आणि निळीचा निळ्यावर. छिद्रांची जाळी आणि ठिपके यांच्यात केसभराचाही फरक पडून चालत नाही.

या पहिल्या ट्यूबमध्ये ठिपक्यांचा पडदा ही बाहेरच्या काचेच्या आत बसवलेली वेगळी सपाट काच होती. ती आत बसवता यावी म्हणून ट्यूब दोन भागांत करून धातूच्या कड्यांनी जोडलेली असे. काच आणि धातू यांचा हा सांधाच तिचा घात करतो. सत्तर वर्षांत त्यातून कणाकणाने हवा आत शिरते आणि आतली निर्वात पोकळी नष्ट होते. अशी ट्यूब कोणी वापरली नाही, नीट गुंडाळून ठेवली, तरीही मरते. नंतरच्या बहुतेक ट्यूबमध्ये ठिपके थेट समोरच्या काचेवर बसवण्यात आले. पुढे ट्यूब पूर्णपणे काचेच्या बनू लागल्या आणि हा दोष उरला नाही.

मग या नाजूक, लहान पडद्याच्या ट्यूबसाठी एवढा आटापिटा का, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर रंगातच आहे. १९५३च्या मानकाने लाल, हिरवा आणि निळा हे मूळ रंग जितके गडद ठरवले होते, तितके पुढच्या ट्यूबमध्ये राहिले नाहीत. चित्र अधिक उजळ दिसावे म्हणून उत्पादकांनी ठिपक्यांतली संयुगे बदलली आणि त्या बदल्यात हिरव्याचा गडदपणा घटला. पहिल्या रंगीत कार्यक्रमांचे चित्र घराघरांत कसे दिसत होते, हे आज डोळ्यांनी पाहायचे असेल तर अशी जिवंत ट्यूब असलेला संचच हवा. ती विझली, की हा पुरावाही संपतो.

आधी उचलायचा, मग उघडायचा

वाचवण्याची सुरुवात होते ती तळघरात, गोदामात किंवा घर रिकामे करताना. मालकाच्या दृष्टीने ती अडगळ असते आणि पुष्कळदा ती हलवण्यासाठी एक-दोन दिवसांचीच मुदत मिळते. लाकडी कपाटासकट असा संच दोघा-तिघांशिवाय उचलत नाही. सगळ्यांत जपायचे ते ट्यूबच्या मानेला. मागचे झाकण काढलेले असेल आणि दाराच्या चौकटीवर मान आपटली, तर एका क्षणात सगळे संपते.

बचाव किती टोकाचा असू शकतो, याचे अलीकडचे उदाहरण जपानचे आहे. सोनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ४३ इंची पडद्याचा एक रंगीत संच काढला होता. पिक्चर ट्यूबवर चालणारा हा सर्वांत मोठा घरगुती संच मानला जातो. अमेरिकेत त्याची किंमत ४० हजार डॉलर होती आणि वजन सुमारे २०० किलो. असा एखादा संच आता उरला असेल का, याविषयी जाणकारांनाही शंका होती. ओसाका येथील एका नूडल्सच्या उपाहारगृहात तो सापडला, तेव्हा ती इमारत पाडली जाणार होती. अमेरिकेतील एका संग्राहकाने जपानमधील हितचिंतकांच्या मदतीने तो खाली उतरवून समुद्रमार्गे मागवला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि लाखो लोकांनी ती पाहिली. तो संच चालला. मात्र इमारत आधी पडली असती, तर तो गेल्याचे कोणाला कळलेही नसते.

संच घरी आल्यावर होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणजे ‘चालतो का पाहू’ म्हणून प्लग लावणे. पन्नास-साठ वर्षे पडून असलेल्या संचाला एकदम पूर्ण दाबाची वीज दिली, तर आतले कंडेन्सर फुटतात आणि जाताना मौल्यवान ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. म्हणून जाणकार आधी ट्यूब तपासतात. बहुतेक ट्यूबच्या आतल्या काचेवर चकाकता चंदेरी डाग असतो. उरलीसुरली हवा शोषण्यासाठी तो मुद्दाम दिलेला असतो. तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर हवा आत शिरली आहे. डाग शाबूत असेल, तर तिन्ही गन अजून किती इलेक्ट्रॉन सोडतात हे मीटरवर मोजतात. एवढे होईपर्यंत बाकीच्या कामाला हात लावत नाहीत. ट्यूब मेलेली असेल, तर तो संच बहुधा दुसऱ्या संचासाठी सुट्या भागांचे भांडार होतो.

डाग, तारा आणि धीर

ट्यूब चांगली निघाली, की खरी दुरुस्ती सुरू होते. पहिला मान कंडेन्सरांचा. मेणकागदाचे कंडेन्सर कालांतराने वीज झिरपू देतात, इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आतून सुकतात. असे डझनावारी कंडेन्सर एकेक करून काढून त्या जागी नवे डागावे लागतात. सगळे एकदम बदलणे धोक्याचे. एखादी तार चुकीच्या जागी लागली, तर चूक कुठे झाली हे शोधण्यात आठवडे जातात. म्हणून थोडे बदलायचे, तपासायचे आणि पुढे जायचे, अशी शिस्त असते. काही जण जुन्या कंडेन्सरचे कवच पोकळ करून त्यात नवा लहान कंडेन्सर बसवतात. वरून संच कारखान्यातून निघाल्यासारखाच दिसतो.

त्यानंतर रेझिस्टन्स मोजणे, व्हॉल्व्ह तपासणे, सुकून तडकलेल्या तारा बदलणे. वीज प्रथम देतात तीही थेट नव्हे, तर दाब हळूहळू वाढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा मध्ये दिवा जोडून. हा सिरीज बल्ब आपल्याकडच्या मेकॅनिकांच्याही परिचयाचा आहे. आत कुठे शॉर्ट असेल, तर दिवा पूर्ण पेटतो आणि संच वाचतो.

सगळ्यांत धास्ती असते ती ईएचटी ट्रान्सफॉर्मरची. पिक्चर ट्यूबला लागणारा वीस ते पंचवीस हजार व्होल्टचा दाब तोच तयार करतो. त्याला चालवणाऱ्या व्हॉल्व्हला योग्य संकेत मिळाला नाही, तर त्याची प्लेट लालबुंद होते आणि मिनिटा-दोन मिनिटांत ट्रान्सफॉर्मरही जळतो. दुसरा मिळवायचा तर एखादा मृत संचच शोधावा लागतो, नाहीतर जुना उकलून नव्याने गुंडाळावा लागतो. म्हणून व्हॉल्व्हला पूर्ण वीज देण्याआधी संकेत येतो आहे की नाही, हे पाहिले जाते.

टीव्हीचा मोतीबिंदू

साठच्या दशकातील संचांना एक वेगळाच आजार जडतो. त्या काळी ट्यूबच्या तोंडावर संरक्षक काच डिंकासारख्या द्रव्याने चिकटवण्याची पद्धत आली. हे द्रव्य कडेने कुजत जाते आणि पडद्याभोवती पांढरट-पिवळट ठिपके व वलये उमटतात. हा छंद असलेले लोक त्याला मोतीबिंदूच म्हणतात. शस्त्रक्रियाही मोतीबिंदूसारखीच नाजूक असते. उष्णता देऊन चिकटद्रव्य मऊ करायचे, कडेने बारीक तार घालून ती सावकाश ओढत संरक्षक काच सुटी करायची, ट्यूबचे तोंड स्वच्छ करायचे आणि काच पुन्हा बसवायची. उष्णता सगळीकडे सारखी लागली नाही किंवा तार ओढताना जोर झाला, तर ट्यूब आतल्या बाजूला कोसळून फुटू शकते.

मग येते रंग जुळवणे. आधी तारेच्या मोठ्या वेटोळ्याने ट्यूबच्या पत्र्यातले चुंबकत्व घालवतात. हिरवी आणि निळी गन बंद करून पडदा फक्त लाल करतात. तो काठापासून काठापर्यंत एकसारखा लाल दिसेपर्यंत मानेवरची चुंबके आणि कॉइल सरकवतात. त्यानंतर पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी आणून तिन्ही रंगांच्या रेघा एकमेकींवर बसवतात. मध्यभागी जुळल्या, की कोपऱ्यात सुटतात; कोपरा धरला, की मध्य हलतो. डझनभर स्क्रू पुन्हा पुन्हा फिरवावे लागतात. अखेर तिन्ही रंग मिळून निखळ पांढरी रेघ उमटते, तेव्हा एक रात्र सहज सरलेली असते.

हौसेला धोक्याची किनार

हे काम शिकल्याशिवाय कोणी हाती घेऊ नये. वीज बंद केल्यावरही ट्यूबची काच कंडेन्सरसारखी प्रभार साठवून ठेवते. ती जमिनीशी जोडून रिकामी केल्याखेरीज तिला हात लावणे जिवावर बेतू शकते. निर्वात ट्यूब फुटली, तर काचा चारी दिशांना उडतात. क्ष-किरणांचाही प्रश्न आहे. १९६७ साली अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या काही रंगीत संचांतून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले आणि हजारो संच दुरुस्तीसाठी घ्यावे लागले. त्यानंतर १९६८ मध्ये अशा उपकरणांच्या किरणोत्सर्गावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. त्या काळच्या संचांतील धातूची आवरणे याचसाठी असतात. दुरुस्तीच्या सोयीसाठी ती काढून ठेवणे आणि विजेचा दाब नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्या लागतात.

संपलेली विद्या

एकेकाळी मंद झालेली पिक्चर ट्यूब टाकून देत नसत. तिची मान कापून जुनी गन काढत, नवी गन बसवलेली काचेची मान जोडत, भट्टीत तापवत तासन् तास आतली हवा खेचून काढत आणि तोंड बंद करत. अमेरिकेत अशी अनेक दुकाने होती. नव्या ट्यूब स्वस्त झाल्या तशी ती कमी होत गेली आणि सपाट पडदे आल्यावर उरलीसुरलीही बंद पडली. आयोवा राज्यातील डे मॉइन येथील ‘हॉक-आय पिक्चर ट्यूब’ हे अमेरिकेतील अशा अखेरच्या दुकानांपैकी एक होते. ते २०१० मध्ये बंद झाले. तेथील यंत्रसामग्री हिलियार्डच्या संग्रहालयाने घेतली, ती ही विद्या जिवंत ठेवता यावी म्हणून. पण यंत्रे हलवता येतात, हात हलवता येत नाहीत. काच किती तापली की वाकते आणि किती तापली की तडकते, हे ज्यांच्या बोटांना कळत होते त्यांतले बरेच जण आता हयात नाहीत.

त्यामुळे या मंडळींपुढे एक पेच उभा राहतो. संच जितका वेळ चालवावा, तितकी गनमधली इलेक्ट्रॉन सोडणारी थराची शक्ती खर्च होते. न चालवावा, तर तो नुसते कपाट ठरतो. मंद ट्यूबला जादा दाब देऊन काही काळ तरतरी आणता येते, परंतु तो शेवटचा उपाय. त्यात ट्यूब कायमची जाऊही शकते. म्हणून काही जण मोजकेच प्रसंग ठरवून संच लावतात, तर काही जण रोज अर्धा तास तरी पाहतात. दाखवण्यासाठी जे बनवले ते दाखवता दाखवता संपले तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंना तथ्य आहे.

हवेतून मिळणारा संकेतही आता उरलेला नाही. अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबले. त्यामुळे डीव्हीडी प्लेअर किंवा डिजिटल सेट-टॉप बॉक्समधून निघालेले चित्र एका छोट्या मॉड्युलेटरने जुन्या वाहिनीवर चढवून संचाला पुरवावे लागते.

आपल्याकडे काय?

भारतात १९८२ साली रंग आला. स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्याचे रंगीत प्रक्षेपण झाले आणि १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळातील दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांनी तो घराघरांत पोहोचवला. आपली पद्धत पाल, ६२५ ओळींची. अमेरिकेतील ५२५ ओळींच्या एनटीएससीपेक्षा ती वेगळी आहे आणि रंग चुकण्याचा दोष तिने बऱ्याच अंशी दूर केला आहे. तोवर ट्रान्झिस्टर आणि आयसीचा जमाना आल्यामुळे आपल्या रंगीत संचांत व्हॉल्व्हची फौज नव्हती. त्यामुळे येथील जुन्या संचांचे दुखणे निराळे असते. सोल्डरिंगचे डाग सुटतात, कंडेन्सर सुकतात आणि आयसी बाजारात मिळत नाहीत. ट्यूबचे दुखणे मात्र तेच. दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपणही २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी थांबले.

त्या पहिल्या पिढीतील संचांना आता चाळीस वर्षे उलटून गेली आहेत. त्यांतले बहुतेक एक्स्चेंज ऑफरमध्ये किंवा भंगारात गेले. ट्यूबच्या मागच्या काचेत शिसे असल्याने ती फोडून कचऱ्यात टाकणे घातक आहे. अशा संचांची विल्हेवाट ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्रातच व्हायला हवी. पण त्याआधी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. माळ्यावर किंवा गावच्या घरात असा संच असेल, तर तो थेट प्लग लावून पाहू नये आणि फोडायलाही देऊ नये. ज्या मेकॅनिकने तो कधीकाळी दुरुस्त केला होता, तो अजून असेल तर त्याला दाखवावा. संच चालेल की नाही, हे ट्यूबवर ठरेल. पण ट्यूबला काय झाले आहे, हे पाहून सांगणारी माणसेही आता मोजकीच उरली आहेत.